जुनी मोटरसायकल घेताना तिचा तपासणीचा इतिहास कसा जुळवायचा? (सांगली पासिंग, २०१८)

दुचाकीवाली

धाकट्या भावासाठी जुनी १५० सीसी गाडी बघतेय. गाडी पुण्यात आहे, पासिंग एमएच-१०. विकणारे दुसरे मालक आहेत. त्यांनी सगळ्या कागदांचे फोटो पाठवले, त्यातून हे टिपण काढलंय.

नोंदणी १९ मार्च २०१८. चेसी नंबरातलं दहावं अक्षर एच. कार्ब्युरेटरची गाडी, पुढे डिस्क, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. मीटर २४,६१० किमी.

जॉब कार्ड (सर्व्हिस सेंटरची कामाची नोंद): एप्रिल २०१८ ला ६१० किमी, सप्टेंबर २०१८ ला ४,८५०, मार्च २०१९ ला ९,७००, जुलै २०१९ ला १४,१००, नोव्हेंबर २०२० ला १५,३००, जानेवारी २०२२ ला १९,८००. त्यानंतर बाहेरच्या मेकॅनिककडे काम, बिलं नाहीत.

विमा: मार्च २०१९ च्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस २० टक्के, मार्च २०२० च्या पॉलिसीवर शून्य. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या मालकांच्या नावावर झाली, तेव्हाही शून्य. पुढे दरवर्षी फक्त थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीपुरता विमा).

पीयूसी चालू आहे. मागच्या वर्षीचीही पावती आहे.

मेकॅनिकला गाडी दाखवणारच आहे. पण त्याआधी या कागदांवरून काय कळतं? सरकारकडे या गाडीच्या तपासणीची एखादी नोंद मिळते का?

आरसीबुक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्याकडे २०१८ ची खाजगी दुचाकी पहिल्या १५ वर्षांत मोटार वाहन निरीक्षकासमोर जाते ती एवढ्याच वेळा. नवी असताना पहिल्या पासिंगला आणि १५ वर्षं पूर्ण झाल्यावर रीपासिंगला. मधल्या १५ वर्षांत पीयूसी सोडून कसलीही सक्तीची तपासणी नाही. त्यामुळे २०१८ च्या गाडीचा 'तपासणीचा इतिहास' म्हणून एक कागद कुठेच मिळणार नाही. तो जॉब कार्ड, विमा, पीयूसी आणि वाहन पोर्टल या चार ठिकाणांहून गोळा करायचा, एकाच तारीखवारीत मांडायचा आणि ताळा बसतो का ते बघायचं. तुम्ही निम्मं काम आधीच केलंय.

आता पोर्टलवरचं. परिवहनच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबरने लॉगिन करून गाडी नंबर टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसेल, पण बाकीचं पुरेसं असतं. पाहायच्या गोष्टी अशा: आरसीची स्थिती चालू आहे का, नोंदणी कधीपर्यंत आहे (तुमच्या गाडीची मार्च २०३३ पर्यंत असायला हवी), विमा आणि पीयूसीच्या तारखा, काळ्या यादीची नोंद आणि बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद). कर्ज फिटलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. पोर्टलवर फायनान्स कंपनीचं नाव दिसत असेल तर त्यांची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. एनओसीवरची तारीखही बघा. बहुतेकांवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते आणि जुनी झाली की पुन्हा नवी काढत बसावं लागतं.

चोरीची नोंद तपासायला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नागरिक सेवा आहे. गाडी नंबर, चेसी नंबर आणि इंजिन नंबर तिन्ही टाकायचे. नुसत्या गाडी नंबरवर थांबू नका, चोरीच्या गाडीवर नंबर प्लेटच दुसरी असते.

दंडाच्या पावत्या महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पानावर गाडी नंबर आणि चेसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतात. परराज्यात फिरलेली असेल तर परिवहनचं ई-चलान पानही बघा.

टॅपेट

ताई, दहावं अक्षर एच म्हणजे २०१७ ची बनावट. बहुतेक कंपन्या दहाव्या जागी वर्ष लिहितात: ए २०१०, बी २०११, मग एफ २०१५, जी २०१६, एच २०१७. आय अक्षर वापरत नाहीत, म्हणून त्यापुढचं 'जे' हे अक्षर २०१८ चं. गाडी २०१७ ला बनली, शोरूमला पडून राहिली आणि मार्च २०१८ ला पासिंग झाली. यात गैर काही नाही, पण भाव करताना 'मॉडेल २०१८' म्हणून जास्त मागत असतील तर हे अक्षर दाखवा.

एबीएस नसणं बरोबरच आहे. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. हेडलाइट मात्र इंजिन चालू असेपर्यंत कायम जळलाच पाहिजे, तो नियम एप्रिल २०१७ चा. हॅन्डलवर दिवा बंद करायचं बटण दिसलं तर कुणीतरी वायरिंगला हात लावलाय.

आता किलोमीटर. पहिल्या १६ महिन्यांत १४,१०० म्हणजे महिन्याला साधारण ८८०. त्यातही मार्च ते जुलै २०१९ मध्ये महिन्याला ११००. रोज कामाला जाणाऱ्याची गाडी आहे. मग जुलै २०१९ ते नोव्हेंबर २०२० या १६ महिन्यांत फक्त १२००. लॉकडाऊन मार्च २०२० च्या शेवटी लागला. त्याआधीचे सात-आठ महिने गाडी कुठे होती?

नदीकाठ

टॅपेट यांनी बोट बरोबर जागी ठेवलंय. एमएच-१० आणि ऑगस्ट २०१९ एकत्र आले की पहिला प्रश्न महापुराचा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं. गल्लीत, पार्किंगमध्ये उभ्या दुचाक्या दिवसेंदिवस पाण्याखाली होत्या.

पण सांगली पासिंग म्हणजे पुरातली गाडी असं सरसकट धरू नका. जिल्हा मोठा आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हे दुष्काळी तालुके, तिथे कृष्णेचा पूर येत नाही. २०१९ ला फटका बसला तो सांगली शहर, मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या भागाला. पहिल्या मालकाचा पत्ता जुन्या पॉलिसीवर असतो. तो कुठल्या तालुक्यातला, नदीकाठचा आहे का, ते बघा. हाच विचार एमएच-०९ कोल्हापूरला लागू. जुलै २०२१ साठी चिपळूण आणि महाडच्या गाड्या, म्हणजे एमएच-०८ आणि एमएच-०६.

आरसीबुक

विम्याचा कागद इथे सगळ्यात बोलका आहे, लोक तो नुसता 'मुदत आहे ना' एवढंच बघून बाजूला ठेवतात.

नो क्लेम बोनसची चढण ठरलेली आहे: एक वर्ष दावा नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मार्च २०१९ ला २० होता, म्हणजे पहिल्या वर्षी दावा नाही. मार्च २०२० ला २५ हवा होता आणि आहे शून्य. असं चार कारणांनी होतं. मधल्या वर्षात दावा घेतला. किंवा पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला. किंवा मालक बदलला, कारण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. किंवा विमा कंपनी बदलताना जुन्या बोनसचा पुरावा दिला नाही.

मालक बदलला फेब्रुवारी २०२१ मध्ये, तेव्हा तिसरं कारण बाद. मार्च २०१९ ची पॉलिसी कधी संपली, पुढची कधी सुरू झाली आणि कंपनी तीच आहे का, एवढं बघून सांगा.

गाडी मार्च २०१८ ची आहे म्हणून हा माग लागतोय. १ सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या दुचाकींना पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. पुष्कळ लोक स्वतःच्या नुकसानीचा भाग पहिल्या वर्षानंतर सोडून देतात. नुसत्या थर्ड पार्टीला बोनस नसतो आणि पुराचं नुकसानही त्यात बसत नाही. अशा गाडीच्या पॉलिसीवरून काहीच कळत नाही, आणि कागद गप्प आहे म्हणजे गाडी चांगली आहे असं नव्हे.

दुचाकीवाली

कंपनी तीच. आधीची पॉलिसी १८ मार्च २०२० ला संपली, पुढची १९ मार्चपासून. खंड नाही. पहिल्या मालकाचा पत्ता मिरज तालुक्यातला आहे.

आरसीबुक

मग दावा झालाय असंच धरायचं. कशाचा, ते पॉलिसीवर लिहिलेलं नसतं. पडून टाकी-हॅन्डल बदललं असेल तरी बोनस शून्यच होतो. तेव्हा कागदावरून एवढंच म्हणता येतं की मार्च २०१९ ते मार्च २०२० मध्ये गाडीचं नुकसान झालं, विमा कंपनीने पैसे दिले, आणि त्याच काळात गाडी फारशी चालली नाही. पुढचं गाडीच सांगेल.

एक उपाय आहे. ज्या सर्व्हिस सेंटरची जॉब कार्ड आहेत त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरवर चेसी नंबर देऊन सगळी नोंद पडद्यावर बघता येते. मालक सोबत असला की दाखवायला खळखळ करत नाहीत. मालकाने पाठवलेल्या फोटोंत नसलेलं जॉब कार्ड तिथे असू शकतं. ऑगस्ट ते डिसेंबर २०१९ मधलं एखादं 'अपघात दुरुस्ती' किंवा 'विमा' शेऱ्याचं कार्ड निघालं तर त्यातल्या सुट्या भागांची यादी वाचा. वायरिंग हार्नेस (सगळ्या वायरींचा जुडगा), सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा), मीटर, मॅग्नेट कॉइल (चार्जिंगची) आणि बेअरिंग असं एकत्र दिसलं की पाणी. हॅन्डल, टी (पुढचे शॉकअप धरणारा भाग), इंडिकेटर, लेग गार्ड, टाकी असं दिसलं की आपटलेली.

टॅपेट

पाण्याखालची गाडी ओळखायला मेकॅनिकचं दुकान लागत नाही. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, टॉर्च आणि एक तारेचा तुकडा पुरतो. मालकाची परवानगी घ्या आणि या क्रमाने बघा.

हेडलाइटची वाटी. दोन स्क्रू काढले की हेडलाइट पुढे येतो. वाटीच्या तळाशी बोट फिरवा. पावसाळ्यातली धूळ कोरडी, भुरभुरीत असते. पुराचा गाळ पिठासारखा बारीक, वाळून पापुद्रा धरलेला असतो. कृष्णाकाठची काळी चिकण माती तर खरवडल्याशिवाय निघत नाही. धुणारा गाडी बाहेरून चकचकीत करतो, ही वाटी सहसा कुणी उघडत नाही.

सीटखाली. बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरच्या डब्याचा तळ, फोमची खालची बाजू. डब्याला खाली एक छोटी नळी असते, तिचं टोक दाबून बघा, आतून माती येते का.

कपलर. हार्नेसचे दोन-तीन कपलर (वायरी जोडायचे प्लास्टिकचे सांधे) ओढून उघडा. आत हिरवट चुन्यासारखं साचलेलं असेल तर पाणी आत गेलंय. हे सगळ्यात महागात पडणारं दुखणं. तांब्याच्या तारेवरच्या वेष्टणाखालून पाणी केशाकर्षणाने हातभर आत चढतं आणि तार आतून काळी पडते. वरून वायर साबूत दिसते. एक-दोन वर्षांनी चार्जिंग कमी, इंडिकेटर लावला की हॉर्न अडखळतो, पावसात गाडी बंद पडते, आणि मेकॅनिक बॅटरीवर बॅटरी बदलत बसतो.

मीटरची काच. आतल्या बाजूला पाणी ओसरल्याची आडवी पुसट रेघ बघा. मीटर अगदी नवं आणि बाकी गाडी जुनी असेल तर ते बदललेलं आहे. नवं मीटर शून्यापासून सुरू होतं, म्हणून चांगल्या सेंटरवर जुने किलोमीटर जॉब कार्डावर लिहून देतात. ते लिहिलेलं नसेल तर मीटरच्या आकड्यावर विसंबू नका.

चेसीच्या नळ्या. खालच्या नळ्यांना पाणी निथळायला बारीक भोकं असतात. त्यात तार घालून हलवा. गाळ गळला तर शंकाच नको.

पुढच्या शॉकअपचं डस्ट सील स्क्रू ड्रायव्हरने हलकेच वर उचला, खाली मातीचं कडं दिसतं का. मागचा ड्रम उघडता आला तर तिथेही बघा.

साध्या पावसाच्या गंजात आणि पुराच्या गंजात फरक असा की रस्त्यावरचं पाणी खालून वर उडतं, म्हणून गंज मडगार्डच्या खाली, साखळीजवळ, सायलेन्सरच्या बेंडवर जास्त दिसतो. पुराचं पाणी बंद जागांत शिरून बसतं. सीटखालचे बोल्ट, टाकीखालचे नट, हॅन्डलच्या स्विचमधले स्क्रू, जिथे एरवी पाणी पोचत नाही तिथे गंज असेल तर प्रश्न मिटला.

नदीकाठ

टॅपेटदादा, इंजिनाचंही लिहा. 'इंजिन खोलून साफ केलंय, आता काही नाही' हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी आहे.

टॅपेट

खोलून केलं असेल तर खरंच चालतं, पण 'कधी' खोललं ते महत्त्वाचं. पाणी सायलेन्सरमधून आणि एअर फिल्टरमधून आत जातं. तेल उपसून, दोन-तीनदा नवं तेल घालून-काढून इंजिन किक न मारता साफ केलं असेल तर वाचतं. पाणी आत असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि आठवडाभर पाणी तसंच राहिलं तर क्रँकच्या (इंजिनाच्या तळातला मुख्य फिरता दांडा) बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. तेव्हा आवाज येत नाही. दहा-बारा हजार किमी चालल्यावर तळातून घरघर सुरू होते आणि मग क्रँक उघडावा लागतो. म्हणून पुराची गाडी पहिली दोन वर्षं गोड चालते आणि बरोबर तिसऱ्या मालकाच्या गळ्यात पडते.

तपासताना इंजिन थंड पाहिजे. तुम्ही पोचायच्या आधी मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर थांबा, तासभर चहा घ्या. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत सुरू व्हावं. सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरा. सकाळी थोडी पांढरी वाफ चालेल. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ पांढरट थर असेल तर तेलात पाणी मिसळलंय. गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक हाताने आडवं हलवा: चाकापाशी खुळखुळ झाली तर बेअरिंग, चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा भाग) मुळाशी झाली तर बुश. पुढचं चाक अधांतरी ठेवून हॅन्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोडा. मधे खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हॅन्डलच्या मानेतलं बेअरिंग) गेला.

थेम्सकाठ

धागा वाचताना इंग्लंडची पद्धत आठवली, तुलनेसाठी थोडक्यात लिहिते. कुणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला जाऊन जुनी बाईक घेणार असेल तर उपयोगी पडेल.

तिथे मोटरसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची. मोटरसायकलसाठी शुल्काची कमाल मर्यादा २९.६५ पौंड. निकाल सरकारी संकेतस्थळावर जातो आणि फक्त गाडी नंबर टाकून कुणालाही फुकट दिसतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधल्या नोंदी २००५ पासूनच्या आहेत. प्रत्येक नोंदीत तारीख, मैल, पास-नापास आणि दोषांची यादी असते. मे २०१८ पासून दोषांचे धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे तीन दर्जे आहेत, शिवाय 'लक्ष ठेवा' अशा सूचना वेगळ्या.

पास-नापासापेक्षा त्या सूचना वाचा. तीन वर्षं ओळीने 'पुढच्या शॉकअपमधून तेल पाझरतंय' असं लिहिलेलं असेल तर मालक फक्त पास होण्यापुरतं पुसून नेतोय. सकाळी नापास आणि त्याच दिवशी पास असेल तर दोष कोणता होता ते बघा: दिव्याचा बल्ब असेल तर ठीक, ब्रेक असेल तर बिल मागा. मैलांचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी दिसला तर तपासनिसाची टंकनचूकही असू शकते. एकच नोंद विसंगत असेल तर चूक, तिथून पुढे सगळे आकडे कमी असतील तर मीटर बदललंय.

आणि एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स बघत नाहीत. काही खोलतही नाहीत. कर्ज, चोरी, विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडी, हे तिथे दिसत नाही, त्यासाठी पैसे देऊन वेगळी चौकशी करावी लागते.

आरसीबुक

थेम्सकाठ ताई, छान माहिती. आपल्याकडे दरवर्षीचे किलोमीटर नोंदवणारं असं काही असतं तर हा धागा लागलाच नसता. आपल्याला जॉब कार्डावरचा आकडा हाच आधार. अजून एक जागा राहिली: विमा संपून खंड पडला की स्वतःच्या नुकसानीचा विमा पुन्हा देण्याआधी काही कंपन्या गाडीची पाहणी करतात आणि त्या फोटोंत मीटर व चेसी नंबर घेतलेला असतो. मालकाच्या फोनमध्ये ते फोटो सापडू शकतात.

पीयूसीबद्दल एक. बीएस-४ आणि बीएस-६ (प्रदूषणाच्या मानकांचे अलीकडचे टप्पे) गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्यांना सहा महिने. पावतीवर कार्बन मोनॉक्साईड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये छापलेलं असतं. मागच्या आणि या वर्षीची पावती शेजारी ठेवा. पहिला आकडा वाढत असेल तर मिश्रण जास्त जाड, म्हणजे एअर फिल्टर किंवा कार्ब्युरेटर. दुसरा वाढत असेल तर ठिणगी चुकतेय, व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा तेल जळतंय.

टॅपेट

पीयूसीवर मी फार भर देणार नाही. गाडी नीट गरम न करता, पाइप अर्धवट घालून मारलेली पावती सर्रास मिळते. आकड्यांतला कल एखाद्या वेळी उपयोगी, पण त्यावरून गाडी पास करू नका.

उरलेला मुद्दा जानेवारी २०२२ नंतरचा. त्यानंतर जेमतेम ४,८०० किमी. खरंही असेल. खात्री करायला टायर बघा. बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ४११७ म्हणजे २०१७ चा ४१ वा आठवडा. रोजच्या वापरात मागचा टायर साधारण २० ते २५ हजारांना जातो. मीटर २४ हजार आणि मागचा टायर तिसरा असेल तर हिशेब चुकतोय. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियरने मोजा, त्याच्या जवळ आली असेल तर गाडी २४ हजारांची नाही. गिअरच्या आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, हॅन्डल ग्रिप, फुटरेस्ट यांची झीज मीटरला फसवता येत नाही. नवी ग्रिप आणि झिजलेलं पेडल एकत्र दिसलं तर ग्रिप विकण्यासाठी घातलीय.

आपटलेली आहे का यासाठी एकच जागा सांगतो, कारण ती कुणी लपवत नाही. हॅन्डल पूर्ण वळवल्यावर ते जिथे अडतं तो चेसीवरचा स्टॉपर बघा. पुढून जोरात धडकलेल्या गाडीचा स्टॉपर चेपलेला किंवा वेल्डिंग केलेला असतो. आणि तिथेच मानेवर चेसी नंबर असतो. अक्षरं एकसारख्या खोलीची, एका ओळीत हवीत. आजूबाजूला घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल तर तिथेच थांबा. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, तो आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा.

दुचाकीवाली

काल गाडी पाहिली. सर्व्हिस सेंटरला मालक सोबत आले होते.

सेंटरच्या नोंदीत सप्टेंबर २०१९ चं एक जास्तीचं जॉब कार्ड निघालं, १४,४०० किमी, विमा दावा. भागांत हार्नेस नाही. सीडीआय, मीटर, दोन्ही चाकांची बेअरिंग, एअर फिल्टर, क्लच प्लेट आणि तेल चार वेळा. जुने किलोमीटर लिहून दिल्याचा शेरा नाही, पण पुढच्या कार्डावर १५,३०० आहे.

हेडलाइटच्या वाटीत काळा पापुद्रा. सीटखालचा एक कपलर हिरवा. चेसीच्या नळीतून तारेला माती लागली. स्टॉपर ठीक, चेसी नंबर स्वच्छ. पुढचा टायर ४११७, मागचा ३४२३. डिस्क मर्यादेपासून लांब आहे. चोरीची नोंद नाही, बोजा नाही, दोन चलान बाकी. मालकांना पुराचं माहीत नव्हतं असं ते म्हणाले आणि मला ते खरं वाटतं, त्यांनी स्वतःच सेंटरला चलण्याची तयारी दाखवली.

टॅपेट

मग चित्र स्पष्ट आहे. पाण्यात होती, विम्यावर जेवढं मंजूर झालं तेवढं बदललं, हार्नेस तसाच राहिला. मीटरमध्ये जुने किलोमीटर चढवून दिले असावेत, कारण टायर आणि डिस्क २४ हजारांशी जुळतात. मागचा एकदा बदललाय, पुढचा मूळचा. पुढचा मात्र रबर कडक झाल्यामुळे आता बदलायचाच.

घ्यायचीच असेल तर किमतीतून हे वजा करा: पूर्ण वायरिंग हार्नेस आणि ते घालायची मजुरी, मॅग्नेट कॉइल उघडून तपासणी, पुढचा टायर, कोन सेट, चिमट्याचे बुश. क्रँकचा धोका मोजता येत नाही, तो तुमच्याकडेच राहतो. माझं मत विचाराल तर भावाला रोज लांबचं अंतर जायचं असेल तर ही गाडी सोडा.

आरसीबुक

ही सोडा किंवा कुठलीही घ्या, नावावर करून घेणं विक्रेत्यावर सोपवू नका. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, त्यावर चेसी नंबरचा पेन्सिल छाप. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं आणि खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. विम्यासाठीही १४ दिवसांत कंपनीला कळवा. थर्ड पार्टी पुढे चालते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कवच नाव बदलेपर्यंत तुमचं नसतं.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसलीय का तेही बघा, नसेल तर आरटीओचं काम तिथे अडकतं. आणि दुकानातून घेत असाल तर त्या विक्रेत्याकडे जुन्या वाहनांच्या व्यवसायाचं प्राधिकारपत्र, फॉर्म २९बी, आहे का विचारा. हा नियम एप्रिल २०२३ पासून आहे.

दुचाकीवाली

ही सोडली. मालकांना जॉब कार्डाची प्रत पाठवली, त्यांनाही पुढे उपयोग होईल. आता २०२१ ची बीएस-६, एबीएस असलेली एक बघायची आहे, एमएच-१४ (पिंपरी-चिंचवड). हे सगळं तिलाही लागू, पण कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत वेगळं काय बघू?

टॅपेट

दोन दिवे. चावी फिरवली की इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावीला लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय. एबीएसचा दिवाही चावीला लागतो, पण गाडी थोडी पुढे गेल्यावरच विझतो, जागेवर विझत नाही. जागेवर विझला किंवा लागलाच नाही तर छेडछाड, चालवूनही विझला नाही तर चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची वायर.

मग अधिकृत सेंटरला स्कॅनर लावून साठलेले दोष वाचून घ्या. आदल्या दिवशी कुणी पुसले असतील तर यादी कोरी येईल, म्हणून गाडी १५-२० किमी चालवून, बंद करून, थंड झाल्यावर पुन्हा वाचायला सांगा. आणि हेडलाइटची वाटी तिचीही उघडा.